मदत हवी: गॅस डिटेक्टर घ्यावे की ट्रक पार्किंग हलवावं? अर्जंट

प्लांटवाला_वाशीम
राजेहो, लवकर सांगा. मालक म्हणते यंदा सेफ्टीचं एकच काम होईल. एक तर डिटेक्टर बसवाचे, नाईतर पार्किंग गेटबाहेर न्याचं, त्याले बाजूचं वावर भाड्यानं घ्या लागते. सोमवारी सांगाचं आहे. रिस्क मॅट्रिक्स (शक्यता अन् नुकसान मांडून धोका ठरवाचा तक्ता) भरलं तर दोन्ही लालच, म्हणजे मोठा धोका, आले, मंग ठरवू कसं?

दत्तूभाऊ_फिटर
प्लांट काहाचा आहे ते तर सांग बे. क्लोरीन का अमोनिया?

प्लांटवाला_वाशीम
सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट ना बाप्पा, हेक्झेननं तेल काढाचा, पेट्रोलसारखं पेटते ते. इकडं अजून काय राह्यते.

नागपूरकर_सेफ्टी
दोन्ही लाल येणारच, आग लागली तर नुकसान तेच. शक्यता वेगवेगळी मोजलीत का? आधी व्यवस्थित हॅझॉप (टीम बसवून प्लांटमध्ये कुठं काय बिघडू शकतं याचा अभ्यास) करून घ्या, त्याशिवाय काही ठरवू नका.

दत्तूभाऊ_फिटर
त्याले सोमवारी सांगाचं आहे अन् तुम्ही महिनाभर मीटिंगा घ्या म्हणता! भाऊ, पार्किंग किती दूर आहे, तिथं पेटते काय ते सांग.

प्लांटवाला_वाशीम
एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे तेल काढाच्या विभागाच्या, कुंपणाले लागूनच. डीओसी (तेल काढलेली पेंड) भराले ट्रक रात्रभर लायनीत राह्यते, ड्रायव्हर लोक गाडीच्या आडोशाले स्टोव्ह पेटवून भाकरी टाकते. हटकलं तर म्हणते मंग जेवाले तुम्ही घाला. एक्स्ट्रॅक्शनची नाली बी तिथूनच जाते.

अकोल्याची_केमिकलवाली
नाली आहे हे आत्ता सांगता?? हेक्झेनची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड, वर उडून जात नाही, नालीनं सरपटत जाते. १९८१ मध्ये अमेरिकेत लुईव्हिलला सोयाबीन प्लांटचं हेक्झेन गटारात गेलं, वरून जाणाऱ्या मोटारीच्या ठिणगीनं पेटलं, दोन मैलांपेक्षा जास्त लांबीचे रस्ते उखडले. डिटेक्टर बोंबलेल हो, पण स्टोव्ह तर पेटलेलाच राहील ना. आधी पार्किंग, आणि नालीला ट्रॅप, म्हणजे हेक्झेन पुढं जाऊ न देणारा अडथळा.

नागपूरकर_सेफ्टी
एकट्या स्टोव्हनंच पेटतं का? मोटर आहे, स्टॅटिक (घर्षणाची वीज) आहे. हवेत साधारण १.१ टक्के झालं की पेटायला पुरे, आणि वासाची नाकाला सवय होऊन जाते. डिटेक्टर नको कसं म्हणता?

दत्तूभाऊ_फिटर
लावशीन तर खाली लाव, जमिनीपासून फूटभर. आमच्या इकडं व्हेंडरनं छताले ठोकले होते, चिमण्यायनं घरटे केले त्यावर.

मानोऱ्याचा_शेतकरी
फवारणीची किट कोणती चांगली? २०१७ ले यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले ते पाह्यलं ना सगळ्यायनं. अन् डीओसीचा भाव काय चालू आहे?

प्लांटवाला_वाशीम
दादा, त्याचा वेगळा धागा काढा ना. इथं माह्या डोक्याले ताप आहे.

अकोल्याची_केमिकलवाली
टनामागे हेक्झेन लॉस किती लिटर? मे महिन्यात कूलिंग टॉवरचं पाणीच गरम, कंडेन्सर (वाफ थंड करून परत पातळ करणारा) ती पकडत नाही, व्हेंटमधून वाफ निघून जाते.

प्लांटवाला_वाशीम
लॉगबुकात डिसेंबरले जो आकडा तोच मे मध्ये.

अकोल्याची_केमिकलवाली
म्हणजे मोजतच नाही कोणी. टाकीत डिप (मापाची काठी) टाकून स्टॉक जुळवा, त्याला पैसे लागत नाहीत.

नागपूरकर_सेफ्टी
पेसोच्या (स्फोटक आणि पेट्रोलियमचा परवाना देणारं केंद्राचं खातं) मंजूर नकाशात पार्किंग कुठं दाखवलंय? हेक्झेन क्लास ए, म्हणजे सगळ्यात लवकर पेटणाऱ्या, पेट्रोलियममध्ये येतं. नकाशात नसेल तर हे काम मालकाच्या मर्जीचं नाही, करावंच लागेल, ते या बजेटमध्ये मोजूच नका.

प्लांटवाला_वाशीम
काढला नकाशा. त्या जागेवर झाडं दाखवली आहे! सोमवारी हाच समोर ठेवतो, संगं डिटेक्टरचं कोटेशन. एकच काम म्हणते तर म्हणू दे.