तिशीत लग्न झालेल्यांनो, पहिल्या वर्षाचे सण आणि रोजच्या गमती लिहा

सोनटक्का

परवा संक्रांत झाली. आज सकाळच्या लोकलमध्ये समोरच्या बाकावर एक मुलगी होती. काळी साडी, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या आणि मांडीवर ऑफिसची सॅक. अख्खा लेडीज डबा तिचं कौतुक करत होता. "वळ गं जरा, बाजूबंद बघू दे." ती लाजत होती, आणि मला माझी पहिली संक्रांत आठवली. म्हणून हा धागा.

माझं लग्न पस्तिसाव्या वर्षी झालं. रजिस्टर. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, मग तीस दिवस थांबायचं. लोकांना तो महिना कटकटीचा वाटतो, आमच्यासाठी तोच साखरपुडा होता. कार्यालयाच्या बोर्डावर आमच्या नावांचा कागद लागला तेव्हा तो बघायला आम्ही दोघं अर्धी रजा टाकून गेलो. साक्षीदार तीन लागतात. माझी आई, त्याची बहीण आणि हॉस्टेलपासूनची माझी मैत्रीण.

पुढे सणबिण होतील असं मी धरलंच नव्हतं. "आता या वयात कसली कौतुकं" हे नात्यातून ऐकून झालं होतं. पण सासूबाईंनी थंडी पडल्या पडल्या शेगडी काढली. परातीत तीळ, मंद आच, चमच्याने थोडा थोडा पाक सोडायचा आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. घाई केली की काटे येत नाहीत, आणि हवा कोरडी-थंड लागते. दिवसचे दिवस चालतं ते काम. बोटांची टोकं लाल झालेली असायची त्यांची. मी म्हटलं, विकत आणू या ना आई. तर म्हणाल्या, "तू उशिरा आलीस, मला तयारीला वेळ मिळाला. आता करू दे."

कानामागे दोन-चार पांढरे केस आणि त्यांच्यावर हलव्याची बिंदी. इतकी नटलेली मी स्वतःला कधीच बघितलं नव्हतं.

आणि रोजचं म्हणाल तर दळण. एकटी असताना छोटा डबा न्यायचे. लग्नानंतर पहिल्यांदा मोठा डबा नेला, तर गिरणीवाले काका डब्याकडे बघून हसले आणि न विचारताच "अभिनंदन" म्हणाले.

तुमचंही लिहा. सण, रोजचं, काहीही.

दोन_कप_चहा

शब्दकोडं. आडवे शब्द तो सोडवतो, उभे माझ्यासाठी ठेवतो. त्याची शिफ्ट सहाला असते, मी उठते तेव्हा तो गेलेला असतो. टेबलावर झाकलेला चहा आणि अर्धं भरलेलं कोडं. उभा शब्द त्याला येत असला तरी भरत नाही. रविवारी मात्र भांडून भांडून एकत्र सोडवतो.

लग्न ३३व्या वर्षी. बाकी संध्याकाळी लिहिते, बस आली.

रानजाई

दळणाचा डबा 👌 सोनटक्का, साडी कुठली होती? चंद्रकळा का?

सोनटक्का

हो गं, आईची जुनी चंद्रकळा. तिच्या पहिल्या संक्रांतीची. पोलका मात्र नवा शिवला.

लाटणं_फुगडी

मंगळागौर!! छत्तिसाव्या वर्षी!!

आईचा हट्ट होता, पहिली मंगळागौर माहेरीच. अडचण अशी की वशेळ्या आणायच्या कुठून? लग्नाला पाच वर्षं न झालेल्या लागतात ना. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या मुली हायस्कूलात. शेवटी मामेबहीण, तिच्या दोन मैत्रिणी आणि खालच्या मजल्यावरची नवीन सून, अशा आम्ही पाच पाटांवर बसलो. बाकीच्या चौघी पंचविशीच्या आत. पूजा सांगणारे गुरुजी आधी मामेबहिणीकडेच वळले, मग आईने मला पुढे केलं.

जेवताना वशेळ्यांनी बोलायचं नसतं. ते मुकं जेवण मला फार आवडलं. आम्ही पाच जणी नुसत्या डोळ्यांनी हसतोय आणि वाढणाऱ्या काकू मुद्दाम हसवतायत.

रात्री मैत्रिणी मुलींना घेऊन आल्या. झिम्मा, बसफुगडी, किस बाई किस, आगोटं पागोटं. लाटणं फुगडीला मैत्रिणीची तेरा वर्षांची मुलगी माझ्यासमोर. ती दमली, मी नाही :) ट्रेकिंगची सवय कामाला आली. विशीत लग्न झालं असतं तर मी कुठेतरी कोपऱ्यात अवघडून बसले असते. त्या वयात मला नाचायची लाज वाटायची. पहाटेपर्यंत जागलो, सकाळी दहीभाताचा नैवेद्य आणि मग सगळ्याजणी सतरंजीवरच आडव्या.

रानजाई

सोळा पत्री मिळाल्या का सगळ्या? मला यंदा श्रावणात पहिली करायची आहे. आमच्या भागात आघाडा आणि दुर्वा सोडून काही दिसत नाही.

लाटणं_फुगडी

दादरच्या फुलबाजारात आदल्या दिवशी सकाळी लवकर जा. जुडी बांधूनच देतात. बेल, तुळस, शमी, रुई, कण्हेर, जाई, डाळिंब, बोर हे सगळं असतं. माका आणि डोरली मात्र नीट बघून घे, कधीकधी भलताच पाला घालतात.

तू कितवीत आहेस गं, म्हणजे वय?

रानजाई

एकोणचाळीस. 🙈 डिसेंबरात लग्न झालं.

लाटणं_फुगडी

अगं मग लपवतेस काय! अभिनंदन!! हळद अजून उतरली नसेल.

पोटोबा

पुरुषांनी लिहिलेलं चालतं का? बायको तिशीतली, मी अडतीसचा.

२०२३च्या उन्हाळ्यात लग्न झालं आणि लगेच अधिक श्रावण लागला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. सासूबाईंचा फोन, "जावईबापू, तेहतीस अनारसे आणि दीप, वाण घ्यायला या." मला माहीत होतं की त्यांचे सांधे दुखतात. म्हणून आदल्या दिवशीच गेलो. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले, कुटून गुळात मळून ठेवलेले, हे सगळं त्यांनी आधीच केलं होतं. थापणं आणि तळणं राहिलं होतं. मी म्हटलं, शिकवा. खसखस वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, जाळी आपोआप पडते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटावर बसवून, औक्षण करून, मीच तळलेले तेहतीस अनारसे मला वाण म्हणून दिले. सासरे हसून हसून बेजार. सासूबाई म्हणाल्या, "दोन मुलींना शिकवायला गेले, एकीनेही कढईजवळ उभं राहायची तयारी दाखवली नाही. शेवटी जावयानेच विद्या घेतली."

आता दिवाळीत आमच्या घरचे अनारसे मी करतो.

आजी_ऑनलाइन

पोटोबा, देव तुमचं भलं करो. पीठ गुळातलं की साखरेतलं?

पोटोबा

गुळातलं, काकू.

सांगलीची_हळद

आमचे साखरेतले. गुळाचे हसतात कढईत, म्हणजे विरघळून पसरतात.

आजी_ऑनलाइन

गुळाने नाही हसत गं, पीठ ओलं राहिलं की हसतात. एखादा हसला तर थोडी कोरडी पिठी मिसळायची आणि पुन्हा मळायचं. तेहतीस मोजून होईपर्यंत पाच-सहा जास्तीचे करून ठेवावेत, मुलं पळवतात.

पोटोबा

यंदा, २०२६ साली, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. नवीन जावयांनी आंब्याच्या दिवसांत पोटात जागा ठेवा.

रानजाई

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो आत्तापासून दिवस मोजायला लागलाय.

खाडीपलीकडे

आमच्या कोकणात ओवसा, गौरीसमोर सुपं ओवाळायची रीत. नवीन सुनेचा पहिला ओवसा कधीही होत नाही. गौर आली तेव्हा पावसाचं पूर्वा नक्षत्र चालू असावं लागतं. माझं लग्न झालं त्या वर्षी योग नव्हता, पुढच्या वर्षीही नाही. मावळणी म्हणायच्या, "हिचं सगळंच उशिरा," पण प्रेमाने हो, लाडाने. अखेर पूर्वा आली आणि आमच्या वाडीत तीन जणींचा ओवसा एकदम झाला. त्यातली मी थोरली.

सुपांत फळं, काकडी, रानफुलं, हळदीची पानं, वर दोरा गुंडाळलेला. गौरीसमोर सुपं ओवाळायची, मग घरातल्या एकेका मोठ्या माणसाच्या हातात सूप देऊन पाया पडायचं. त्यांनी सुपात काहीतरी घालून परत द्यायचं. चुलतसासऱ्यांनी, वय ऐंशीच्या पुढे, मला एक पेन दिलं. "तू शिकवतेस ना कॉलेजात, म्हणून." साड्या पुष्कळ आल्या, त्या कोणी दिल्या ते आठवत नाही. पेनात अजून शाई भरते.

उंबरठा

वाचतेय सगळं. माझं वेगळं आहे थोडं. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आई त्यानंतर कुणाच्याही हळदीकुंकवाला गेली नाही, कुणी बोलावलंही नाही. माझं लग्न सदतिसाव्या वर्षी ठरलं तेव्हा मला एकच धास्ती होती, की माझ्याच लग्नात ती स्वयंपाकघरात बसून राहील.

सीमांतपूजनाला सासूबाईंनी तबक घेतलं आणि सरळ आईसमोर धरलं. "विहीणबाई, पहिलं कुंकू तुम्ही लावा तुमच्या लेकीला, मग आम्ही." आईचा हात थरथरत होता. सासूबाईंनी तिच्या मनगटाला धरून माझ्या कपाळापर्यंत नेला. मग त्यांनी आईलाही लावलं.

आता संक्रांतीचं हळदीकुंकू आई तिच्या घरी करते. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना, सगळ्या म्हणजे सगळ्या. रथसप्तमी २५ला आहे, त्याच्या आदल्या दिवशी. वाण लुटायला तिने यंदा रोपं आणली आहेत.

सांगलीची_हळद

उंबरठा 🙏 तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी शिरोळकडची. आमच्याच तालुक्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्यानंतर माझ्या मावशीने हिरव्या बांगड्या भरल्या. कासारणीने पैसे घेतले नाहीत.

आजी_ऑनलाइन

डोळे पुसून लिहितेय. उंबरठा, आईला म्हणावं तुळशीची रोपं दे, जगतात.

मीही सासूच आहे. माझी सून छत्तिसाव्या वर्षी घरात आली. तिला तिचं घर, नोकरी, सगळं होतं. मला वाटायचं, हिला माझ्याकडून काय हवं असणार? पहिल्या दिवाळीच्या पहाटे मी तिच्या पाठीला उटणं लावायला बसले, तर म्हणाली, "आई, हॉस्टेलात गेल्यापासून मला कुणी उटणं लावलं नव्हतं." तेव्हापासून मुलाच्या आधी तिचा नंबर.

धक्क्यावरची

उटणं 😢😢

माझा नवरा मर्चंट नेव्हीत. पहिला पाडवा आला तेव्हा तो समुद्रात, नेट कधी येईल याचा भरवसा नाही. मी तबक तयार करून बसले. रात्री उशिरा फोन आला, मी निरांजन लावून फोनलाच ओवाळलं. पलीकडे त्याचे सहकारी टाळ्या वाजवत होते, त्यातले अर्धे मराठी नव्हते. ओवाळणी म्हणून त्याने तिथूनच एक उखाणा घेतला, पण मधेच रेंज गेली आणि नाव ऐकूच आलं नाही. बंदरात आल्यावर पहिल्यांदा नाव पूर्ण केलं त्याने.

रानजाई

अगं उखाण्यांवरून आठवलं! हळदीकुंकवाला घ्यायचाय. ते जुने घासून गुळगुळीत झालेले नको आहेत, कुणी करून द्याल का? माहिती : मी बँकेत, तो घरून काम करतो, पोळ्या तोच करतो.

दोन_कप_चहा

संध्याकाळ झाली, आले. घे :

मीटिंग संपवून धावत आले, लोकल सुटली एक,
अमुकरावांनी तोवर मळून ठेवली कणीक.

रानजाई

हाच घेणार!!! सासूबाईंना आत्ताच म्हणून दाखवला, त्या म्हणाल्या कणीक सैल होते त्याची, तेही घाल.

वाटेवर

माझं अजून लग्न झालेलं नाही. वय ३७, बोलणी चालू आहेत. इथे लिहायला माझ्याकडे काही नाही, पण हलव्याचं वाचून आईला फोन केला. तिने सांगितलं, माझ्यासाठी खण घेऊन ठेवलाय, केव्हापासून ते सांगेना.

सोनटक्का

वाटेवर, बरं केलंस लिहिलंस ते. खणाचा रंग विचार आईला.

वाटेवर

विचारला. जांभळा, हिरवे काठ.

सांगलीची_हळद

जांभळ्या खणाचं परकर-पोलकं नको, साडीला काठ लाव. सुंदर दिसतं. इचलकरंजीत माझी वहिनी शिवते तसं.

लाटणं_फुगडी

रानजाई, मंगळागौरीच्या आदल्या दिवशी मला फोन कर. दादरला मीच जाऊन पत्री घेते, तू बँकेतून कुठे पळशील. लाटणी मात्र तुझ्या घरची, आणि दोन जास्तीची ठेव, आमच्याकडची एक मागच्या वेळी मोडली.