बासच्या ट्रॅकवर राइडच जास्त: छोट्या जॅझ ग्रुपसाठी माइक कुठे लावायचे?

अर्धमात्रा:
टेनर सॅक्स, ग्रँड पियानो, डबल बास, ड्रम्स. चौघं एकाच खोलीत, हेडफोन न लावता. इनपुट सहा. पियानोत दोन पेन्सिल कंडेन्सर, मोठ्या डायाफ्रामचे दोन कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे कंडेन्सर (एक ड्रम्सच्या वर, एक बासला), सॅक्सला पॅसिव्ह रिबन (पातळ धातूच्या पट्टीचा माइक), किकला म्हणजे पायाच्या ड्रमला डायनॅमिक. बासच्या ट्रॅकवर बासपेक्षा राइड सिंबलच (ड्रम्सची मोठी झांज) ऐकू येतोय. गेन (माइकची पातळी) कमी करूनही तेच.

खर्जपंचम:
गेनने दोन्ही सारखेच खाली जाणार. प्रमाण बदलतं ते अंतराने आणि दिशेने. माइक ६० सेंमीवरून ३० वर आणलात की बास साधारण ६ डेसिबल वाढेल, राइड होता तेवढाच राहील.

आता दिशा. ड्रम्स बासच्या बाजूला असणार, आणि कार्डिऑइड बाजूचा आवाज जेमतेम ६ डेसिबलने कमी घेतो. रिबन मात्र ९० अंशांवर जवळपास बहिरा. म्हणून अदलाबदल करा: रिबन बासला, कंडेन्सर सॅक्सला. रिबन घोडीच्या किंचित वर, ३० सेंमीवर. मग ड्रमरला नुसता राइड वाजवायला सांगा आणि हेडफोन लावून माइक जागच्या जागी थोडाथोडा फिरवा. राइड एका कोनात एकदम बारीक होतो. तिथेच स्टँड आवळा. बासकडे तोंड दोन-चार अंश इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही.

तिहाई:
सहमत, पण जवळून रिबनचा खर्ज फुगतो. ई तारेवर गदगद वाटलं तर माइक १० सेंमी मागे घ्या. लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) नको, त्या तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झला आहे.

फँटम (कंडेन्सरला केबलमधून मिळणारी वीज) चार-चार इनपुटच्या गटाने चालू होत असेल तर चारही कंडेन्सर १ ते ४ वर, रिबन आणि किक ५-६ वर. केबल धड असेल तर फँटममुळे सहसा काही होत नाही, पण आतून शॉर्ट असेल तर रिबनची पट्टी ताणली जाते.

सॅक्सचा माइक भोंग्यात खुपसू नका. भोंग्यातून मुख्यतः सगळ्यांत खालचे सूर येतात, बाकीचे उघड्या छिद्रांतून. ४० सेंमीवरून, भोंग्याची कड आणि वाजवणाऱ्याचा डावा हात यांच्या मधोमध.

अर्धमात्रा:
राइड गेला! पण आता मिक्समध्ये पियानो पोकळ लागतोय. त्याचा ट्रॅक एकटा ऐकला की छान.

खर्जपंचम:
मिक्स मोनो करा आणि पियानो सोडून एकेक ट्रॅक म्यूट करत जा. रिबन म्यूट केल्यावर पियानो भरला तर चोर तोच. रिबन पाठीमागूनही पुढच्याइतकंच ऐकतो, आणि तो आवाज उलट्या पोलॅरिटीत येतो, म्हणजे लहर उलटी होऊन, त्यामुळे पियानोच्या माइकमधला आवाज अंशतः खोडला जातो. पियानो त्याच्या पाठीशी असणार. बास आणि रिबन दोन्ही मिळून फिरवा, राइड बहिऱ्या बाजूलाच ठेवून; पाठ पियानोऐवजी मोकळ्या कोपऱ्याकडे, तिथे जाड रजई टांगून. जागाच नसेल तर पियानोचं झाकण छोट्या दांडीवर उतरवा.