गांजा रोज लागायला लागलाय. याला व्यसन म्हणायचं का?

अनामिक_वाकड:
नवीन आयडी काढून लिहितोय, कारण जुन्या आयडीला माझी मावशी ओळखते.

वय २४, हिंजवडीत नोकरी, टीम अमेरिकेतली. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सबमिशन संपलं की मित्राच्या रूमवर एक जॉइंट चौघांत फिरायचा, एवढंच. नोकरी लागली आणि रात्रीचे कॉल सुरू झाले. साडेअकराला लॅपटॉप मिटला तरी डोकं चालूच. ओढला की झोप यायची. हळूहळू ते रोजचं झालं, मग एकावर भागेना. हल्ली कॉलला बसायच्या आधी एक असतो, रविवारी तर चहाच्याही आधी. माल संपत आला की डोक्यात दुसरं काही येत नाही.

काम बिघडलेलं नाही, उलट यंदा रेटिंग चांगलं मिळालं. पण गणपतीला चिपळूणला घरी गेलो, तिथे ओढायला काही नव्हतं. आरतीच्या वेळी चुलतभावावर उगाच खेकसलो. मोदक समोर आले तरी जेवण जाईना, आईला वाटलं कावीळ झाली. रात्री घामाने उशी ओली, आणि स्वप्नं अशी की सांगायची सोय नाही. पुण्यात परत आलो त्या रात्री ओढला आणि लहान मुलासारखा झोपलो. म्हणजे मला झोपेचा मूळचाच त्रास आहे आणि गांजा त्यावरचं औषध, असं मला वाटतंय. रूममेट म्हणतो गांजाचं व्यसन लागतच नाही. जाणकारांनी सांगावं.

बम_भोले:
टेन्शन नको घेऊ भावा. झाडपाला आहे, दारूपेक्षा शंभर पटीने बरा. आमच्या गावच्या मठातले बाबा जन्मभर चिलीम ओढतायत, ठणठणीत आहेत.

गोदाकाठ:
बम_भोले, तुमच्या बाबांना सकाळी नऊची मीटिंग नसते. आणि चिलीम ओढून ज्यांचं बिघडतं ते मठात दिसत नाहीत, आमच्या ओपीडीत दिसतात.

वाकडकर, मी नाशिकला व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते. तू रेटिंगचं सांगितलंस ते ठीक, पण मला तुझं चिपळूण महत्त्वाचं वाटतं. चिडचिड, अन्न नको होणं, घाम, झोप उडणं, भडक स्वप्नं, हे सगळे गांजा थांबवल्यावरचे विथड्रॉलचे त्रास आहेत. एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात जोरात असतात, दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. झोपेची घडी बसायला कधी त्याहून जास्त वेळ लागतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या निदानाच्या नियमावलीत याची रीतसर नोंद केली. त्याआधी कितीतरी डॉक्टरही तुझ्या रूममेटसारखंच बोलायचे.

आता बघ काय झालं. त्रास ऐन भरात असताना तू पुण्याला आलास, ओढलास, झोप लागली. मेंदूने नोंद करून ठेवली की हेच औषध. आमच्याकडे येणारी विशी-पंचविशीतली पुष्कळ मुलं नेमकी इथे अडकलेली असतात. गांजामुळे उडालेली झोप गांजानेच परत येते आणि मुलगा म्हणतो मला मुळातच निद्रानाश आहे. तुला तो खरोखर आहे का, हे महिनाभर पूर्ण बंद ठेवल्याशिवाय तुलाही कळणार नाही आणि मलाही.

एकावर भागत नाही त्याचंही कारण आहे. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर, काम करतं. रोज मारा होत राहिला की मेंदू हे रिसेप्टर कमी करत जातो, मग तेवढ्याच मालाने पूर्वीसारखं भागत नाही. बंद केल्यावर साधारण चार आठवड्यांत ते बरेचसे पूर्वपदावर येतात, मेंदूच्या स्कॅनवर हे दिसलेलं आहे.

ओढणारा प्रत्येक जण अडकतो असं मी म्हणत नाही. जुना अंदाज दहा-अकरा जणांत एकाचा, किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहांत एकाचा, आणि रोज ओढणाऱ्यांत याहून बराच जास्त. आपल्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९च्या अहवालात भांग, गांजा, चरस यांच्या त्रासासाठी मदत लागेल अशा लोकांचा आकडा सुमारे ७२ लाख होता. तू किती ओढतोस त्यापेक्षा केव्हा ओढतोस ते मी आधी विचारते. आधी काम संपल्यावर, नंतर झोपेसाठी, आता कामाला बसण्यासाठी. व्यसन म्हणायचं की नाही याचा कीस पाडत बसू नकोस, उपचार घे.

याच्यासाठी मान्यता मिळालेलं खास औषध अजून नाही. समुपदेशनावरच मुख्य भर असतो, झोपेसाठी डॉक्टर थोडे दिवस काही देऊ शकतात. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत. आणि जवळच्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, किंवा ओढल्यावर सगळे आपल्याविषयीच बोलतायत असं वाटत असेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठ.

पिंपळे_गुरवकर:
ताईंनी एक गोष्ट लिहिली नाही. जॉइंटमध्ये सिगारेट रिकामी करून मिसळत असशील तर तुला तंबाखूही सोडायचीय. माझा गांजा सुटला आणि सिगारेट दुप्पट झाली, ती सोडायला जास्त जीव गेला. डॉक्टरांना दोन्ही सांग. विकणाऱ्याचा नंबर उडव. मी गांजा बारीक करायचा क्रशर कचऱ्यात टाकला तर सोसायटीचा वॉचमन तो परत घेऊन आला, "साहेब, मसाल्याची डबी चुकून पडली का?" आणि रूममेट बाल्कनीत ओढत असताना घरात बसून सोडणं मला तरी जमलं नाही. बहिणीकडे राहायला गेलो तेव्हा जमलं.

अनामिक_वाकड:
थँक्स ताई, थँक्स दादा. तंबाखूचा विचारच केला नव्हता, अर्धी सिगारेट तर असतेच. दोन शंका. नोकरी बदलायचीय, लघवीच्या तपासणीत किती दिवस दिसतं? आणि ओपीडीत नाव नोंदवलं की पोलिसांना किंवा कंपनीला कळतं का? आईला एवढ्यात सांगायचं नाहीये.

गोदाकाठ:
टीएचसी चरबीत साठतं, त्यामुळे रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवडे सापडतं, कधी महिन्याहूनही जास्त. नेटवरच्या डिटॉक्सच्या बाटल्यांवर पैसे घालवू नकोस.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तुझ्या उपचारांची माहिती गोपनीय असते, कंपनीला परस्पर सांगता येत नाही. गांजा ओढणं १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा आहेच. भांगेची पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत म्हणून लोकांना सगळंच चालतं असं वाटतं. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यापासून त्यात संरक्षण आहे, मात्र उपचार सरकारमान्य ठिकाणी घ्यावे लागतात आणि ते पूर्ण करावे लागतात.

१४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, फोन फुकट. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून आहे. भरती व्हावं लागेलच असं नाही, आधी नुसतं बोलून ये. आईला केव्हा सांगायचं ते तू ठरव. रूममेटला मात्र आजच सांग, ओढायचं तर घराबाहेर.