मदत हवी आहे: रस्त्याकडेच्या मातीत टेकडीपेक्षा जास्त जीव कसे?

प्रकल्पग्रस्त: वाहतुकीच्या प्रदूषणाचा मातीतील लहान जिवांवर होणारा परिणाम हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. पुण्यातल्या सातारा रस्त्यावरची आणि वेताळ टेकडीवरची माती नरसाळ्यात ठेवून वर बल्ब लावला असता, रस्त्याच्या मातीतून स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक, बिनपंखी जीव) आणि माइट (कोळ्यांच्या गटातले सूक्ष्म जीव) उष्णता टाळत कितीतरी अधिक खाली आले. सोमवारी अहवाल द्यायचा आहे, तरी निष्कर्ष काय लिहावा ते लवकर सांगावे.

चौकस: माती नेमकी कुठली, किती खोलीवरची आणि कधी घेतलेली, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

गांडूळमित्र: स्प्रिंगटेल सोडा, गांडुळे घ्या. ती त्वचेतून आणि गिळलेल्या मातीतून कॅडमियम, जस्त असे धातू शरीरात साठवतात. डब्यात एका बाजूला रस्त्याची व दुसऱ्या बाजूला टेकडीची माती भरून मधोमध गांडुळे सोडावीत आणि 48 तासांनी ती कुठे सरकली ते मोजावे. माझ्या खताच्या खड्ड्यातली गांडुळे देईन.

चौकस: खताची गांडुळे टेकडीच्या मुरमाड मातीत नाहीतरी रमत नाहीत, मग ती प्रदूषण टाळतात की मुरूम, हे कसे ठरवणार?

निवृत्त रसायनज्ञ: देशभर शिसेविरहित पेट्रोल 2000 साली आले, तरी त्याआधीचे शिसे मातीच्या वरच्या थरात टिकून राहते. आता टायरच्या झिजेतून जस्त आणि ब्रेकमधून तांबे येते. धातूंची तपासणी केल्याशिवाय प्रदूषणाविषयी बोलू नये.

हिरवाई: रस्त्याकडेला कडुनिंब लावावेत, धूळ अडते.

प्रकल्पग्रस्त: माती दुभाजकातली, मे महिन्यातली आहे. तिथे रोज टँकरने पाणी घालतात. त्यात काय बिघडले?

चौकस: सगळे त्यातच आहे. दुभाजकात बाहेरून आणलेली माती भरतात, शिवाय ती ओली राहते; ओलाव्यावर जगणारे स्प्रिंगटेल मे महिन्यात टेकडीच्या कोरड्या मातीत खोल जातात. आपण प्रदूषणाची नव्हे, पाण्याची तुलना केली आहे. अहवालात तेवढेच लिहावे. पुढे जुन्या कात्रज घाटासारख्या ठिकाणी, वनखात्याची परवानगी घेऊन, कडेपासून 1, 10 व 50 मीटरवरची वरची 5 सेंटिमीटर माती एकाच दिवशी घ्यावी आणि तिचा ओलावाही मोजावा. नुसती संख्या मोजू नये, जातीही पाहाव्यात, कारण प्रदूषण सोसणाऱ्या एकदोन जाती फोफावल्या तरी एकूण आकडा फुगतो.

प्रकल्पग्रस्त: ओलावा मोजायचे यंत्र नाही.

निवृत्त रसायनज्ञ: यंत्र लागत नाही. माती तोलून ओव्हनमध्ये 105 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि पुन्हा तोलावी. सामूही (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते) तपासावा, आम्लधर्मी मातीत धातू जास्त सुटे होतात.