शाळेसाठी उखळी तोफेचं छोटं प्रारूप करतोय, बैठकीला लाकूड कोणतं घेऊ?

अमळनेरचा_मास्तर

राम राम मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. यंदा प्रदर्शनात 1818 चा मालेगावचा वेढा मांडायचा आहे. मालेगाव तेव्हा खानदेशातच धरलं जायचं. नारोशंकरांचा तो भुईकोट किल्ला अरब शिबंदीनं मे-जूनमध्ये इंग्रजांविरुद्ध लढवला. तटाला खिंडार पाडून केलेला हल्ला शिबंदीनं परतवला. मग अहमदनगरहून उखळी तोफा आल्या. 11 जूनला त्यांच्या माऱ्यात किल्ल्यातलं दारूकोठार उडालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला. समोरून तट फोडणारी तोफ वेगळी आणि तटावरून गोळा आत टाकणारी उखळी वेगळी, हा फरक पोरांना हातात धरून दाखवायचा आहे. पुस्तकातल्या चित्रावरून तो त्यांच्या लक्षात येत नाही, सगळ्यांना तोफ म्हटलं की चाकांचीच दिसते.

साडेपाच इंची तोंडाची जी लहान उखळी तोफ इंग्रजांकडे असे, तिचं चौथाई प्रारूप ठरवलंय. म्हणजे तोंड साधारण 35 मिलिमीटर. नळी पितळेची, बैठक लाकडाची. पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं जुनं सागवान माझ्याकडे आहे. ते चालेल का? चाकं लावावीत का? आणि पोरं म्हणताहेत, "सर, एकदा वाजवून दाखवा." त्यावरही सांगा.

लेथवाला_भुसावळ

गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वाजवायची नाही. लहान असली तरी बारूद भरून उडणारी नळी ही तोफच. विनापरवाना हत्यार बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि बारूद स्फोटकांच्या कायद्यात येते. कायदा बाजूला ठेवला तरी बाजारातल्या पितळी गजात आत काय दोष आहे ते डोळ्याला दिसत नाही. समोर पोरं उभी असणार, आणि फुटलेल्या पितळेचे तुकडे कुणाचं वय बघत नाहीत.

म्हणून नळी अशी करा की ती उडूच शकणार नाही. गज भरीवच ठेवा, तोंडाकडून दिसण्यापुरती पोकळी घ्या. बत्तीचं भोक आरपार पाडू नका, वर नुसती खळी द्या. उद्या ती कुणाच्याही हातात गेली तरी चिंता नको.

आणि वजनाचा अंदाज चुकू नये म्हणून सांगतो, चौथाई मापाला वजन चौथाई होत नाही, चौसष्टावा भाग होतं. खरी नळी 70 किलोची धरली तर तुमची किलोभराच्या थोडी वर भरेल. तुमची कमी कोरलेली असल्यानं अजून थोडी. शाळेच्या टेबलाला काही होणार नाही. जुनं पितळ हवं असेल तर सोनगीरला एक चक्कर मारा, तांब्या-पितळेचं काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

सुतार_पारोळा

सर, चाकं अजिबात लावू नका. तुम्हाला पोरांना दाखवायचंय ते सगळं या बैठकीतच आहे.

मैदानी तोफ आडवी धरून मारतात, धक्का मागे येतो, चाकांवर ती मागे सरकते आणि जोर निघून जातो. उखळीचं तोंड 45 अंशांच्या आसपास वर. धक्का मागे जातो तसाच खाली जमिनीतही जातो. चाकं असती तर आसच मोडला असता. म्हणून ती जमिनीवर सपाट बसते: दोन जाड गालपट्ट्या, मध्ये आडवे ठोकळे, आणि उचलायला चारी कोपऱ्यांना कड्या किंवा दोर. लांब न्यायची तर गाडीत घालून न्यायची. आणखी एक बघा, मैदानी तोफेचे कान, म्हणजे नळी बैठकीत टेकवणारे दोन बाजूंचे खुंट, नळीच्या मधोमध असतात, उखळीचे बुडाशी. त्यामुळे सगळा भार कानांखालच्या लाकडावर येतो. ती जागा बारीक दिसली की जाणकार लगेच ओळखतो की करणाऱ्यानं नुसतं चित्र बघून केलंय.

आता लाकूड. जुनं सागवान मोठ्या कामाला सोनं आहे, पण इथे घेऊ नका. सागाच्या रेषा मोठ्या, वाढीची वर्तुळं ठळक. चार इंची गालपट्टीवर त्या रेषा दोरखंडासारख्या दिसतात आणि डोळ्याला लगेच कळतं की हे खेळणं आहे. लहान कामाला बारीक कणाचं लाकूड लागतं. सातपुड्यातला हळदू मिळाला तर तोच घ्या. पिवळसर, एकसारखा, पटाशीखाली लोण्यागत कापला जातो, कोपरे झडत नाहीत. कंगवे आणि खराद्याचं काम उगाच त्याच्यात होत नसे. वखारीत तुकडा मिळतो, पूर्ण ओंडका लागत नाही. अंजन आपल्याकडे भरपूर आणि भारी टणक, पण घरच्या करवतीनं तुमचे हात भरून येतील. हळदू नाहीच मिळाला तर बाभूळ. आपल्या बैलगाड्या तिच्यावरच चालल्या. फक्त गाभ्याचा, गाठ नसलेला तुकडा बघून घ्या.

बाभळीचा एक गुण तुमच्या कामाचा आहे. तिच्यात टॅनिन भरपूर. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा आणि ते पाणी ब्रशनं लावा, लाकूड बघता बघता काळवंडतं, जुन्या गाड्यासारखं. आधी फालतू तुकड्यावर लावून बघा, रंग किती चढेल ते लाकडावर असतं. त्यावर जवसाचं तेल, कापडानं चोळून, पातळ थर.

कानांची खाच करताना दोन्ही गालपट्ट्या एकत्र शिकंज्यात धरा, वर एक फालतू पट्टी दाबून बसवा आणि बरोबर सांध्यावर भोक पाडा. पट्टी काढली की दोन्हीकडे सारखी अर्धगोल खाच मिळते. वेगवेगळ्या पाडल्या तर नळी एका बाजूला कलते आणि मग कितीही कानस मारा, ती सरळ होत नाही. वरचा अर्धा गोल लोखंडी पट्टीनं झाकायचा.

गालपट्ट्यांचे कण, म्हणजे लाकडाच्या रेषा, लांबीत ठेवा. खालची फळी कण आडवे ठेवून स्क्रूनं गच्च आवळू नका. आपला मे महिना कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. लाकूड रुंदीत आकसतं, स्क्रू सोडत नाही, आणि फळी मधोमध उभी चिरते. स्क्रूचं भोक थोडं लांबट ठेवा, गोंद फक्त मध्यावर. तुकडा कापल्यावर त्याच्या टोकांना मेण लावून सावलीत ठेवा, टोकं आधी सुकतात आणि तिथूनच भेगा सुरू होतात.

आणि सर, बोल्टला षटकोनी नट लावू नका. त्या काळी चौकोनी असत. बाजारचा षटकोनी दिसला की सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. पितळी पट्टी कापून, भोक पाडून, आटे घालून कानसीनं चौकोन करा. वेळ खातं, पण हे काम सोडू नका.

तापीकाठ

सर, तुम्ही जे काम करी ऱ्हायनात ते एकदम झकास शे. एक सुचवतो. नळीच्या खाली पुढच्या बाजूला लाकडाची पाचर ठेवा, सुटी. ती सारली की नळीचा कोन बदलतो, हे पोरं स्वतः करून बघतील. पण त्यांना हेही सांगा की उखळीचा पल्ला बहुतेक कोनावर बदलत नसत, कोन 45 च्या जवळ ठेवून दारूचं वजन कमी-जास्त करत.

अमळनेरचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. चाकं रद्द, नळी भरीव, बत्तीची फक्त खळी. सुतारदादा, रविवारी वखारीत हळदू बघायला जातो. एक शंका राहिली: उचलायच्या कड्या लोखंडाच्या केल्या आणि लाकूड बाभळीचं निघालं, तर पावसाळ्यात कड्यांभोवती काळे डाग पडतील का?

सुतार_पारोळा

पडतील. लोखंड आणि ओलसर बाभूळ एकत्र आले की डाग येतोच. कड्या बसवायच्या आधी भोकात मेण ओता, किंवा सरळ पितळेच्या करा आणि वरून काळा रंग द्या. हळदूला हा त्रास कमी. वखारीत गेलात की तुकडा नखानं ओरखडून बघा आणि टोकाकडून रेषा बघा. रेषा दिसायला डोळे ताणावे लागले तर तोच घ्या.