मदत हवी: स्प्लिट प्लॉट लावल्यावर पाण्याचा परिणाम गायब! दोन एरर का?

नमस्कार मंडळी, एमएस्सी अ‍ॅग्रीच्या थिसिसमध्ये अडकलेय. रब्बी गहू, स्प्लिट प्लॉट मांडणी: मोठ्या मेन प्लॉटला पाण्याच्या पाळ्या (२, ४, ६), त्यातल्या चार छोट्या सब प्लॉटना नत्र (हेक्टरी ०, ४०, ८०, १२० किलो), तीन रेप्लिकेशन (सगळी मांडणी तीनदा). एकूण ३६ प्लॉट.

आधी मी साधा फॅक्टोरियल आरबीडी (पाणी-नत्राच्या बाराही जोड्या प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये सुट्या वाटलेल्या) समजून अनोव्हा (फरकांचं विश्लेषण) केला. एररला (योगायोगाच्या फरकाला) २२ डीएफ (स्वातंत्र्यमात्रा), पाण्याचा एफ (पाण्यामुळे दिसणारा फरक भागिले एरर) ११.६. खूश! गाईड म्हणाले, "लावलंस स्प्लिट प्लॉट, मग सोडवही तसंच." सोडवलं तर एरर दोन: मेन प्लॉटचा ए, सब प्लॉटचा बी. एरर ए ला फक्त ४ डीएफ, एफ ५, टेबलमधला किमान लागणारा ६.९४. पाणी नॉन-सिग्निफिकंट. दोन पाळ्यांचा गहू नुसत्या डोळ्यांनी वेगळा दिसत होता हो!

एरर ए ३.६ आणि एरर बी १.१. इतका फरक येतो कुठून? दोन्ही एकत्र केले तर चालतील का?

प्रतिसाद १:
नाही चालणार. पाट फोडून पाणी सोडलंस ते अख्ख्या मेन प्लॉटला, एकदाच. एका टोकाला साचलं, शेजारच्या प्लॉटातून पाझरलं, जमिनीत चोपण (खारवट, पाणी न मुरणारा) पट्टा निघाला, तर फटका चारही सब प्लॉटना बसतो. म्हणजे पाण्याबद्दल ते चार वेगळे साक्षीदार नाहीत, एकच. हा फरक एरर ए मध्ये जातो. युरिया हाताने कमी-जास्त पडणं, उगवण विरळ होणं, वजनातली चूक, हे सब प्लॉटपुरतं. ते एरर बी मध्ये जातं.

आणि वाईट वाटून घेऊ नकोस. इंग्लंडच्या रोदमस्टेड संशोधन केंद्रातल्या बटाट्याच्या प्रयोगात १९२३ साली खुद्द संख्याशास्त्रज्ञ फिशरनेही एकच एरर धरला होता; दोन वेगळे केले ते १९२५ मध्ये.

धागाकर्ती:
आता आठवलं! तिसऱ्या रेप्लिकेशनमधला सहा पाळ्यांचा प्लॉट कॅनॉलला लागून होता, तिथे कायम ओल. तो काढून टाकू?

प्रतिसाद २:
काढू नकोस, थिसिसमध्ये लिही. पाझर अख्ख्या रेप्लिकेशनला सारखा असता तर रेप्लिकेशनच्या ओळीत गेला असता. एकाच मेन प्लॉटला लागला म्हणून एरर ए फुगला. शिवाय ४ डीएफवर फार अपेक्षा ठेवायची नसते. पाणी हाच मुख्य प्रश्न होता तर रेप्लिकेशन वाढवायला हवी होती. पाणी-नत्र इंटरॅक्शन (पाण्यानुसार नत्राचा परिणाम बदलतो का ते) बघितलंस का? ते एरर बी वरच तपासतात, तिथे १८ डीएफ आहेत.