रेन्वारची निळी बाई: चित्र मुलीचं की ड्रेसचं?

रेवा_क: वेल्समधल्या कार्डिफच्या नॅशनल म्युझियममधलं फ्रेंच चित्रकार रेन्वारचं 'ला पारिझिएन' परत बघून आले. १८७४ चं, इंप्रेशनिस्टांच्या, म्हणजे सुट्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड-रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या, पहिल्याच प्रदर्शनातलं. नखशिखांत निळ्या पोशाखातली तरुणी हातमोजा चढवत उभी आहे. सगळे 'ब्लू लेडी' म्हणून कौतुक करतात आणि मला दर वेळी राग येतो. चित्रासाठी समोर उभी होती आंरिएत आंरियो, पॅरिसच्या ओदेओं थिएटरातली नटी, वय जेमतेम १६-१७, आणि चित्राचं नाव काय तर 'पॅरिसची बाई'! मुलगी गेली, ड्रेस उरला. कापडाच्या दुकानातला पुतळा झालाय तिचा.

जुनी_पेन्सिल: पुतळा असा बघतो का हो? स्कर्टवर ब्रश नुसता सुटलाय, चुणी कुठे संपली नि झालर कुठे लागली पत्ता लागत नाही, आणि तोच हात चेहऱ्याशी आला की कसा हळू झालाय बघा. मी तैलरंगात काम करतो, निळ्यावर निळं लावून घडी दाखवताना घाम फुटतो. ड्रेस मोठा आहे म्हणून मुलगी हरवली हे मला पटत नाही.

सावली७: एक राहिलंच. क्ष-किरण तपासणीत दिसलंय की आधी डावीकडे वर दार होतं, उजवीकडे पडदा, रेन्वारने दोन्ही रंगाखाली घालवलं. दार असतं तर ती कुणाच्या तरी घरची बाई झाली असती ना, आता ती कुणाचीच नाही, एकटी मोकळ्यात उभी आहे. आणि रेवा, नटीच आहे ती, तिने पॅरिसकरणीची भूमिका केली, यात अपमान कसला?

रेवा_क: भूमिका केली तर नटीचं नाव पोस्टरवर लागतं, इथे कुठंय? दाराचं पटलं मात्र. आणि १९१३ मध्ये हे चित्र एका बाईनेच विकत घेतलं, चित्रं जमवणाऱ्या ग्वेन्डोलिन डेव्हिसने, तिच्याकडूनच १९५२ मध्ये म्युझियमला आलं. तिला यात कोण दिसलं असेल, हे मनातून जात नाही. मला म्हणाल तर स्कर्टच्या घेराखालून बुटाचं काळं टोक डोकावतं ना, तेवढंच त्या पोरीचं स्वतःचं वाटतं.

जुनी_पेन्सिल: बुटाचं एकदम मान्य, त्या टोकावरच तर ती उभी राहते, नाहीतर खाली जमीन अशी आहेच कुठे. चेहऱ्याचं अजिबात मान्य नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा ड्रेस हाताने झाका आणि नुसते डोळे बघा, मग बोलू.